भिडू गायब, पात्र अर्ध्यात: जोडीने लिहिलेल्या गोष्टीत दुसऱ्याच्या पात्राचं काय करायचं?

पेन्सिलीचं_टोक
नमस्कार मंडळी. अडचण लेखनातलीच आहे, पण जरा वेगळ्या लेखनातली.

मी आणि एक मैत्रीण (नेटवरचीच, प्रत्यक्ष कधी भेटलो नाही) मिळून रोलप्ले लिहायचो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: दोघींनी एकेक पात्र घ्यायचं. माझं पात्र काय बोललं, काय वागलं ते मी एक-दोन परिच्छेदांत लिहायचं आणि थांबायचं. मग ती तिच्या पात्राच्या बाजूने पुढचा भाग लिहिणार. कथानक आधी ठरलेलं नसतं, फार तर काळ आणि जागा ठरलेली. समोरून काय येणार याची वाट बघण्यातच अर्धी मजा.

आमची गोष्ट वसईच्या वेढ्याची, १७३७ ते १७३९. माझा गोविंद मराठ्यांच्या छावणीत कारकून. थोडीफार पोर्तुगीज येते म्हणून पकडलेली पत्रं वाचायचं काम त्याच्या गळ्यात पडलंय. तिची इझाबेल किल्ल्याच्या आत, दारूकोठारावरच्या अधिकाऱ्याची मुलगी, आई इथलीच. गोविंद तिची पत्रं वाचत राहतो आणि एक दिवस न राहवून एका पत्राला उत्तरच लिहून धाडतो. तिथून सगळं सुरू. खरा वेढा दोन वर्षं चालला, आमचाही काही फार घाईत नव्हता.

आता मे १७३९. सुरुंगांनी तट फुटला, तह झाला, किल्ल्यातल्या लोकांना सामानसुमान घेऊन सन्मानाने बाहेर पडायची मुभा मिळाली. ज्यांना राहायचंय त्यांनी राहावं. गोव्याला जाणारी गलबतं उभी आहेत. गोविंद दर्या दरवाज्यापाशी येऊन इझाबेलला विचारतो, "जाणार की राहणार?" हा माझा शेवटचा भाग. त्यानंतर समोरून काही नाही. कित्येक महिने झाले. निरोप पाठवले, मेल केली. ती बरी आहे एवढं कळलंय, दुसरीकडे तिच्या कमेंटी दिसतात. म्हणजे काळजीचं कारण नाही, फक्त या गोष्टीत तिला आता यायचं नाहीये.

तर प्रश्न असा की इझाबेलचं काय करू? तिचं उत्तर मीच लिहून टाकू? दुसऱ्या कोणाच्या हाती देऊ तिला? मला ही गोष्ट पुरी करायची आहे.

रात्रपाळी
तोफेचा गोळा. एका वाक्यात काम तमाम.

पेन्सिलीचं_टोक
तह झालाय हो. आता कोण तोफ डागणार?

रात्रपाळी
मग ताप आणा. तापाला तहबिह कळत नसे.

खडूस_आजोबा
म्हणजे दोन शहाण्यासुरत्या बायकांनी कळफलकावर भातुकली मांडायची, एकीने डाव अर्ध्यावर सोडून घरी जायचं, आणि दुसरीने तिच्या बाहुलीचं काय करू म्हणून गाव गोळा करायचं. धन्य आहे.
बाकी गोष्ट वाचावीशी वाटली हे कबूल. कुठे आहे?

डाइसबाबा
आजोबा, भातुकली तर भातुकली, पण हिला नियम आहेत. त्यातला पहिलाच इथे लागू होतो: दुसऱ्याचं पात्र आपण हलवायचं नाही. "गोविंदने तलवार उगारली" इथपर्यंत माझं. ती लागली की हुकली हे ज्याच्यावर उगारली त्याने लिहायचं. मीच "वार बसला आणि तो कोसळला" असं लिहिलं तर त्याला आमच्यात गॉडमोडिंग म्हणतात. यावरून जुन्या जुन्या जोड्या फुटलेल्या पाहिल्यात. याचाच एक सभ्य चुलतभाऊ असतो: "ती हसली आणि त्याच्यामागून चालू लागली." इजा कोणालाच नाही, पण तिचे पाय तुम्ही हलवलेत.

मी मूळचा टेबलाभोवती बसून, फासे टाकून रोलप्ले खेळणारा. तिथे हा प्रश्न सोपा, कारण मध्ये गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा, बसलेला असतो. एखादा खेळाडू त्या दिवशी आला नाही तर त्याचं पात्र तो सांभाळतो, कायमचा गेला तर विल्हेवाट लावतो. 'द एक्स्पान्स' ही विज्ञानकथांची मालिका तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. ते जग टाय फ्रँकने आधी खेळासाठी रचलं होतं आणि नेटवर पोस्टी टाकत मित्रांना त्यात खेळवलं होतं. शेड गार्व्ही नावाचं एक पात्र त्यात अचानक मरतं, बोलता बोलता डोकंच उडतं. कारण काय, तर त्याला चालवणारा खेळाडू खेळ सोडून गेला. पुढे डॅनियल एब्राहमबरोबर फ्रँकने त्या खेळावरून कादंबरी लिहिली (२०११) तेव्हाही तो मृत्यू तसाच राहिला. वाचणाऱ्याला वाटतं, काय लेखकाची छाती, महत्त्वाचं वाटणारं माणूस बिनधास्त उडवलं!

पण पेन्सिलताईंच्या गोष्टीत मास्टर नाही. दोघींचा हक्क सारखा. माझं मत: इझाबेलला हात लावू नये.

रात्रपाळी
म्हणजे माझा तोफगोळ्याचा सल्ला आंतरराष्ट्रीय दर्जाचा होता तर.

कांदेपोहे
डाइसबाबा, हे सोवळंओवळं मला पटत नाही. दोघी लिहीत असताना तुमचा नियम बरोबर. एक उठून गेली, सांगूनही गेली नाही, तर उरलेलीने किती दिवस सुतक पाळायचं? गोविंदचं जगणं इझाबेलशी बांधलंय. तिला हात लावायचा नाही म्हणजे त्यालाही तिथेच उभं करून ठेवायचं. मग गेलेल्या बाईचा हक्क मोठा आणि टिकलेल्या बाईचा काहीच नाही, असं झालं की.

मी तर सरळ लिहून टाकलं असतं. ती गेली गोव्याला, लग्न केलं, चार पोरं. खल्लास.

मोडीवाचक
विषयांतर होतंय, पण राहवत नाही. पेन्सिलताई, मेच्या उत्तरार्धात वसईहून गोव्याला गलबतं कुठली सोडताय? पाऊस तोंडावर आलेला. त्या दिवसांत कोकणातली गलबतं किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवत, ती नारळी पौर्णिमेनंतरच पाण्यात. वसईतून बाहेर पडलेल्यांपैकी पुष्कळ जण आधी मुंबईला, इंग्रजांच्या आसऱ्याला गेले. गोवा नंतर. म्हणजे तुमची इझाबेल "गेली" तरी पावसाळाभर मुंबईतच असणार, खाडीपलीकडे. गोविंदला मनात आणलं तर गाठता येईल एवढ्या अंतरावर.

आणि घंटा विसरू नका! वसईच्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून देशावर नेल्या गेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे, भीमाशंकरला आहे, वाईजवळ मेणवलीला घाटावर आहे. तुमचा कारकून त्या घंटा बैलगाडीवर चढवताना यादी करतोय असा एक भाग लिहाच. तो अख्खा गोविंदच्या बाजूचा आहे, त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

पेन्सिलीचं_टोक
मोडीवाचक, हे सोनं दिलंत. पावसाळाभर मुंबई! आणि घंटांची यादी करणारा कारकून तर मी आजच लिहायला घेते. यादी करताना ज्या चर्चमध्ये ती जायची त्याचं नाव येणारच.

कांदेपोहे
मी म्हटलं चार पोरं, त्याला कोणी सोनं म्हटलं नाही.

तिरफळ
आमच्या कुडाळात बसून हा धागा वाचताना मला सारखा दशावतार आठवतोय. पारंपरिक दशावतारात लिहिलेली संहिता नसते. आख्यान कोणतं, कोण काय करणार, हे त्या दिवशी रंगायला बसताना ठरतं. पात्रांची येण्याची क्रमवारी कळते आणि झालं. बाकी संवाद रंगमंचावर, समोरच्याचं ऐकून, जागच्या जागी. पेटीवाला आणि पखवाजवालाही त्यांच्या तोंडाकडे बघून वाजवतात. रोलप्ले म्हणजे हेच की, फक्त रात्रभर उभं राहायचं नाही आणि शेवटी चहा नाही.

तर तिथे काय होतं बघा. समोरचा नट अडकला, त्याला शब्द सुचेना, तर जाणता नट त्याच्या तोंडचं वाक्य चोरत नाही. तो स्वतःचं लांबवतो. "राजा, तू गप्प का? तुझ्या गप्प बसण्याचा अर्थ मी असा घेऊ का?" असं म्हणत म्हणत चार आडवळणं घेतो, तोवर दुसऱ्याला सूर सापडतो. आणि सापडलाच नाही तर त्या गप्प बसण्याचाच प्रसंग होतो. राजा रागावला आहे असं प्रेक्षक समजतात. एका म्हाताऱ्या नटाला मी विचारलं होतं, समोरचो गप रवलो तर काय करतास? म्हणाला, "मगे तेचा गप रवणा खेळवचा."

पेन्सिलताई, इझाबेल गप्प आहे. तुमच्या गोविंदाला ते गप्प राहणं खेळवू दे.

खडूस_आजोबा
तिरफळ, या धाग्यावरचं पहिलं कामाचं वाक्य. आणि दशावतारात कोणी निघून गेला तर? म्हणजे खरोखरच गाडी पकडून?

तिरफळ
आजोबा, पहाटेपर्यंत गाडीच नसते. म्हणून टिकलाय दशावतार.

वकिली_बाणा
कायद्याचं कोणी विचारलं नाही, तरी सांगतो, फी नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संयुक्त लेखकत्वाची व्याख्या आहे. दोन किंवा अधिक लेखकांच्या सहकार्याने झालेली अशी कृती, जिच्यात एकाचं योगदान दुसऱ्याच्या योगदानापासून वेगळं काढता येत नाही. आता गंमत अशी की रोलप्लेमध्ये योगदान वेगळं काढता येतंच. प्रत्येक भागावर नाव आहे, तारीख आहे. त्यामुळे तिचे भाग तिचे, तुमचे भाग तुमचे, असं म्हणायला भरपूर जागा आहे. तुम्ही दोघींनी मागाहून बसून सगळं एकजीव करून पुनर्लेखन केलं असतं तर चित्र वेगळं.

घरगुती वाचनापुरतं कोणी कोर्टात जात नाही. पण हे पुस्तक म्हणून किंवा दिवाळी अंकाला द्यायचं मनात असेल तर तिचे परिच्छेद तिच्या लेखी संमतीशिवाय उचलू नका. आणि तिचं लिखाण वापरून वर त्याची मोडतोड केलीत तर कलम ५७ आहे. आपल्या लिखाणाचा विपर्यास होऊन नावाला बट्टा लागत असेल तर लेखकाला हरकत घेता येते.

कांदेपोहे
चार पोरं हा विपर्यास होतो का?

वकिली_बाणा
पोरांवर अवलंबून.

नवा_गडी
एक साधा उपाय कोणीच का सांगत नाही? तिचे जुने सगळे भाग एआयला द्या, म्हणा या शैलीत इझाबेल लिही. दोन मिनिटांत उत्तर. मी हल्ली भिडू शोधतच नाही. एआय रात्री दोनलाही जागं असतं, चिडत नाही, परीक्षा आहे म्हणत नाही, लग्न ठरलं म्हणून गायब होत नाही.

कांदेपोहे
नवा_गडी, मी हे भरपूर करून पाहिलंय, म्हणून बोलते. ते नाही म्हणत नाही, तीच त्याची गोची आहे. माझी नायिका कुठल्याही बाजूला झुकली की ते तिकडे झुकतं. मी एका दुष्ट सावकाराला समोर उभं केलं होतं. चार वाक्यांत त्याला बालपणीचं दुःख आठवलं आणि त्याने कर्ज माफ केलं. गोविंदने "राहा" म्हटलं की ती राहील, "जा" म्हटलं की डोळे पुसत जाईल. मग पेन्सिलताईंनी स्वतःच लिहिलेलं काय वाईट?

माणूस भिडू असला की तो माझ्या मनातलं बिघडवतो. मी प्रेमप्रसंग मांडून ठेवते आणि तो लिहितो, "तिच्या केसात ऊ दिसली." त्या उवेवर मी नंतर महिनाभर गोष्ट चालवलीय.

डाइसबाबा
शिवाय तिचं लिखाण तिला न विचारता यंत्रात घालणं हे मला गॉडमोडिंगच्या वरचं पाप वाटतं. तिथे निदान एका पात्राचे पाय हलवता, इथे बाईच नकली उभी करताय.

नवा_गडी
बरं बाबा. उपाय सांगितला, खून नाही केला.

रात्रपाळी
खुनाचं खातं माझ्याकडे आहे.

अंजू_के
सगळे टिकून राहणाऱ्याच्या बाजूने बोलताहेत, म्हणून गायब होणाऱ्यांच्या वतीने दोन शब्द. मी अशा जोडलेखनातून न सांगता निघून गेलेली आहे. त्याचं मला वाईट वाटत नाही.

काय होतं सांगते. सुरुवातीला दोघं सात-आठ ओळी लिहितात. मग एक जण रंगात येऊन पानभर लिहितो. समोरच्याला वाटतं आपणही तेवढंच द्यायला हवं. बघता बघता एकेक भाग हजार शब्दांचा होतो. ऑफिसातून येऊन, पोरांचे डबे लावून, रात्री अकराला हजार शब्द! चार दिवस उशीर झाला की वाटतं आता साधं लिहून चालणार नाही, उशिराला शोभेल असं लिहिलं पाहिजे. दहा दिवस झाले की आणखी थोर लिहिलं पाहिजे. शेवटी ती खिडकी उघडायचीच भीती वाटते. त्यात समोरून "काही घाई नाही हं, सवडीने" असा निरोप येतो, तो तर थेट तगादाच वाटतो. शिवाय हे सगळं हौसेचं. हौसेला राजीनामा कशाला लिहायचा?

आणि पेन्सिल, तुझा शेवटचा भाग बघ. "जाणार की राहणार?" अख्ख्या गोष्टीचा निकाल तू एका वाक्यात तिच्या ओंजळीत टाकलास आणि बाजूला उभी राहिलीस. मी असते तर मीही पळाले असते.

पेन्सिलीचं_टोक
अंजू, लांबीचं म्हणतेस ते खरं असेल. पण शेवटच्या भागाचं मला पटत नाही. निर्णय इझाबेलचा होता, म्हणून तिला विचारला. तो गोविंदने घेतला असता, किंवा मी वादळ आणून गलबत बुडवलं असतं, तर ती म्हणाली असती माझ्या पात्राला काही करूच देत नाहीस. दोन वर्षांच्या वेढ्यानंतर त्या मुलीला कोणीतरी पहिल्यांदा तिची इच्छा विचारतंय. तोच तर प्रसंग होता.

अंजू_के
प्रसंग उत्तम. मी फक्त एवढंच म्हणते की तो लिहायला तिच्याकडे त्या आठवड्यात बळ नसेल.

एक_होता_कावळा
हा घोळ फार जुना आहे. इंग्लंडच्या ब्राँटे भावंडांचं पाहा, ज्यांतल्या तिघी बहिणी पुढे नामवंत लेखिका झाल्या. १८२६ मध्ये वडिलांनी ब्रॅनवेलला लाकडी शिपाई आणून दिले, प्रत्येकाने एकेक उचलून त्याला नाव दिलं आणि तिथून त्यांची काल्पनिक राज्यं सुरू झाली. पुढे दोन तट पडले. शार्लट आणि ब्रॅनवेलचं अँग्रिया, एमिली आणि अ‍ॅनचं गोंडाल.

आजोबा, भातुकली म्हणालात ना? १८४५ च्या जूनअखेर एमिली आणि अ‍ॅन दोघीच यॉर्कला फिरायला गेल्या. एमिली सव्विशीची, अ‍ॅन पंचविशीची. एमिलीने टिपून ठेवलंय की त्या प्रवासात त्या दोघी गोंडालमधली माणसं झाल्या होत्या. एकामागून एक नावं दिलीत. ही मंडळी कैदेसारख्या शिक्षणमहालांतून निसटून राजाच्या बाजूच्या सैन्याला मिळायला निघालेली. म्हणजे सरळसरळ रोलप्ले, आगगाडीच्या काळातला.

आता या धाग्याच्या कामाचा भाग. त्याच दिवसांतल्या टिपणात एमिली म्हणते, गोंडाल पहिल्यासारखंच भरभराटीत आहे. आणि अ‍ॅनचं टिपण म्हणतं की गोंडालवाले सध्या काही फारसे खेळण्याजोग्या अवस्थेत नाहीत. एकच खेळ, दोन भिडू, एकाच घरात राहणारे. एकीला वाटतं मस्त चाललंय, दुसरी कंटाळलीय. पेन्सिलताई, तुम्ही दोघी तर वेगवेगळ्या शहरांत.

गोंडालच्या गद्य कथा आज उपलब्ध नाहीत. त्यातल्या पात्रांच्या तोंडच्या कविता तेवढ्या राहिल्या. त्या मात्र एकेकटीने लिहिलेल्या आहेत, आपापल्या पात्राच्या बाजूने.

खडूस_आजोबा
भातुकली शब्द मागे घेतो. यॉर्कपर्यंत गेलेली दिसते.

वाटसरू७
धागा वर आलाय तर एक सावधगिरीची सूचना. तुमच्याकडे ते सगळे भाग आहेत ना? आमची गोष्ट ज्या साइटवर होती ती एक दिवस बंद पडली. नोटीस आली होती म्हणे, आम्ही पाहिली नाही. भिडू आहे, मैत्री आहे, गोष्ट गेली. आज दोघंही आठवणीतून एकमेकांना सांगतो आणि प्रत्येकाची आठवण वेगळी. माझ्या मते माझा नायक जिंकला होता.

पेन्सिलीचं_टोक
सगळं उतरवून ठेवलंय, दोन ठिकाणी.

कांदेपोहे
विषय निघालाच आहे तर: एकमेकांच्या पात्रांचं प्रेमप्रकरण लिहिताना घरच्यांना काय सांगता? माझ्या नवऱ्याने एकदा मागून वाचलं, "तुझ्याशिवाय ही रात्र सरत नाही." समोर पाठवणाऱ्याचं नाव एका पुरुषाचं. पुढची पंधरा मिनिटं मी त्याला समजावतेय की हे सतराव्या शतकातलं आहे.

रात्रपाळी
पटलं?

कांदेपोहे
त्याने सगळं पहिल्यापासून वाचून काढलं आणि म्हणाला, तुझी नायिका फार भाव खाते. आता तोच मधूनमधून विचारतो, उत्तर आलं का त्याचं?

अंजू_के
हसण्यावारी नेऊ नका, यावर आधी बोलून घेणं बरं असतं. पात्रांचा राग-लोभ लिहिणाऱ्यांना चिकटतो, याला ब्लीड म्हणतात. माझ्या पात्राला कोणी फसवलं की दिवसभर माझं तोंड उतरलेलं असायचं. म्हणून मी गोष्टीतलं आणि गोष्टीबाहेरचं बोलणं वेगवेगळ्या खिडक्यांत ठेवते. शृंगाराचा प्रसंग आला की दार लावलं, दिवा मालवला, पुढचा भाग सकाळचा. आणि समोरचं माणूस अठराच्या वरचं आहे याची खात्री नसेल तर त्या वाटेला जायचंच नाही, पात्राचं वय काही का असेना.

डाइसबाबा
शंभर टक्के. हे शेवटचं तर दगडावरची रेघ.

एक_होता_कावळा
पेन्सिलताई, अजून एक सुचतंय. पत्रांचा खेळ नावाचा प्रकार आहे. दोन लेखकांनी एकेक पात्र घ्यायचं आणि पात्रांनी एकमेकांना फक्त पत्रं लिहायची. लेखकांनी कथानकाबद्दल आपसांत बोलायचं नाही. पॅट्रिशिया रीडी आणि कॅरोलाइन स्टीव्हरमर यांनी असा खेळ मांडला आणि त्याचीच पुढे १९८८ मध्ये कादंबरी झाली. तुमची गोष्ट पत्रांनीच सुरू झाली होती ना? मग गोविंद पावसाळाभर मुंबईला पत्रं धाडतो. उत्तर येतच नाही. पत्र पोचलं नाही, की पोचून फाडलं, की ती राहिलीच वसईत आणि याच्या नजरेला पडत नाही, काहीही असू शकतं. इझाबेलचा केसही हलत नाही. डाइसबाबा खूश, तिरफळ खूश.

तिरफळ
गप रवणा खेळवचा!

कांदेपोहे
आणि वाचकाने काय करायचं? शेवटी कळायला नको? मला तर असल्या अधांतरी गोष्टींचा राग येतो. अडीचशे पानं वाचवून "काहीही असू शकतं"?

एक_होता_कावळा
गोविंदच्या बाजूला शेवट होतो की. तो पत्रं लिहायचं थांबवतो, किंवा थांबवत नाही. तो त्याचा निर्णय, आणि तो पेन्सिलताईंच्या हातात आहे.

पेन्सिलीचं_टोक
मंडळी, काय केलं ते सांगते. तिला एकच निरोप टाकला, आणि त्यात "कधी लिहिणार" असं विचारलं नाही. लिहिलं की गोविंदची बाजू मी एकटी पुरी करतेय, इझाबेलचं उत्तर मी लिहिणार नाही, तुझे भाग तुझ्या नावाने तसेच राहतील, चालेल ना?

तिने अंगठा पाठवला. नुसता अंगठा.

घंटांचा भाग झालाय. मुंबईला जाणारी तीन पत्रं झालीत. दुसऱ्या पत्रात गोविंद चिडलाय, हे मलाही नवीन. आतापर्यंत तो फार शहाण्यासारखा वागत होता.

डाइसबाबा
मला अजूनही वाटतं एखादा नवा भिडू आणून तिसरंच पात्र उभं करावं, मुंबईत इझाबेलला भेटलेलं. पण अंगठा आलाय तर चालवा.

वकिली_बाणा
अंगठ्यावरून: कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात २०२३ साली जवसाच्या सौद्यात कोर्टाने अंगठ्याची खूण म्हणजे मान्यता असं धरलंय. शेतकरी म्हणत होता, मी फक्त करार मिळाला एवढंच कळवलं. भरपाई भरावी लागली. आपल्याकडे त्यावर विसंबू नका. अंगठ्याचा फोटो काढून ठेवा.

खडूस_आजोबा
आमच्या वेळी अंगठा निरक्षर लोक देत. बरं ते असो. मला एक विचारायचंय. वयाच्या सत्तरीत हे सुरू करता येतं का? मला मुंबईतला प्लेग लिहायचा आहे, १८९६ चा. माझे आजोबा त्या काळच्या मांडवीच्या गोष्टी सांगत. धान्याच्या वखारी, मेलेले उंदीर, घरं तपासायला येणारे लोक. माझ्याकडे वखारीतला एक मुनीम तयार आहे. भिडू नाही.

कांदेपोहे
आजोबा, मी येते. माझी बाई म्युनिसिपालिटीच्या पथकाबरोबर घरं तपासायला येते, बायकांच्या खोल्या बघायला. तुमच्या मुनिमाला ती आवडणार नाही.

खडूस_आजोबा
आवडायला नकोच आहे. अटी सांगतो. आठवड्यातून एकदा, दहा ओळींच्या वर नाही. माझ्या मुनिमाच्या केसात ऊ घालायची नाही.

अंजू_के
आणि सोडून जायचं झालं तर पात्राचं काय हे आत्ताच ठरवा!

खडूस_आजोबा
त्याची सोय प्लेगने करून ठेवलीय. निम्मी मुंबई गाव गाठत होती. मी दोन आठवडे दिसलो नाही तर मुनीम दापोलीला गेला असं बाईंनी बिनदिक्कत लिहावं. परत आलो तर तोही परत येईल.

कांदेपोहे
मान्य. पण वखारीच्या किल्ल्या आधी माझ्या बाईकडे देऊन जायचं. पहिला भाग तुमचा.

रात्रपाळी
प्लेग आहे म्हणजे माझी गरज पडेलच. हाक मारा.